टॉवर कोरडा असतो तेव्हाच जास्त सांभाळायचा

गेल्या अंकात मी लिहिलं होतं, चिलर (इमारतीसाठी किंवा कारखान्यासाठी पाणी थंड करणारं मशीन) किंवा कूलिंग टॉवर (त्या मशीनची उष्णता पाण्यावाटे हवेत सोडणारा मनोरा) बसवताना काही अडलं असेल तर कळवा. पत्रं भरपूर आली आणि वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. चालू प्लँटबद्दल जवळजवळ कोणी विचारलेलंच नाही. सगळ्यांच्या अडचणी मधल्या दिवसांतल्या आहेत. मशीन ट्रकवरून उतरलंय पण पाणी फिरलेलं नाही, किंवा पाणी भरलंय पण मशीन सुरू नाही. मी १९९४ पासून कमिशनिंगचंच, म्हणजे नवा प्लँट तपासून पहिल्यांदा सुरू करून देण्याचंच, काम करते आहे आणि मी पाहिलेले बहुतेक अपघात याच दिवसांतले आहेत. चालू प्लँटला निदान ट्रिप (गडबड झाली की मशीन आपोआप बंद करणारी सोय) असतात, अलार्म असतात, शिफ्टचा माणूस असतो. अर्धवट लागलेल्या प्लँटला यातलं काहीच नसतं, उद्घाटनाची तारीख मात्र छापून झालेली असते.

म्हणून या वेळी पत्रं मोजकी घेतली आहेत आणि उत्तरं जरा सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : ताई, नमस्कार. चाकणच्या एका साइटवर मी पायपिंगचा सुपरवायझर आहे. गच्चीवर ३०० टनांचे (हे टन थंड करण्याच्या क्षमतेचे, वजनाचे नव्हेत) दोन एफआरपी (फायबरग्लासचे) टॉवर उभे झालेत, फिल्स (पाणी पसरवणारे आतले प्लास्टिकचे पत्रे) भरून झाल्यात. ड्रॉइंग बदललं, त्यामुळे वरच्या हेडरचं थोडं वेल्डिंग आता टॉवरच्या डोक्यावरच करावं लागणार. सेफ्टी ऑफिसर म्हणतात, फिल्स बाहेर काढा. काढून परत भरण्यात दोन दिवस जातील. आमचे साहेब म्हणतात, ओली गोणपाटं टाका आणि उरकून घ्या. तुम्ही काय केलं असतं?

उत्तर : मी फिल्स काढल्या असत्या. का, ते सांगते.

टॉवर म्हणजे पाण्याचं काम, त्याला आग कशी लागेल, असं सगळ्यांना वाटतं. पाणी फिरायला लागल्यावर ते बरोबरही आहे. पण पाणी फिरण्याआधी एकदा आत डोकावून बघा. कागदासारखे पातळ पीव्हीसीचे पत्रे एकावर एक रचलेले, त्यांच्यामधून हवेच्या वाटा. भोवती पॉलिस्टर रेझिनचं कवच. खाली चहूबाजूंनी उघडे लूव्हर (हवा आत येण्याच्या फटी), वर पंख्याचं मोकळं तोंड. चुलीलासुद्धा इतका चांगला ओढा मिळत नाही. पीव्हीसी आपोआप विझतं असं कॅटलॉगमध्ये लिहिलेलं असतं, आणि एक तुकडा हातात धरून काडी लावलीत तर तो विझेलही. पण कवच पेटलं आणि खालून वारा लागला की फिल्स विझायला थांबत नाहीत.

२००३ च्या एप्रिलमध्ये एका कारखान्याच्या गच्चीवर मी हे डोळ्यांनी पाहिलं. वेल्डर हाताचा पक्का होता. परमिट होतं, गोणपाटं होती, ती सकाळी दहाला भिजवलेलीही होती. एप्रिलच्या उन्हात, गच्चीवर, ती साडेअकराला कडकडीत वाळली हे कोणाच्या लक्षात आलं नाही. एक वाजता आम्ही सगळे जेवायला खाली उतरलो. डबा उघडेपर्यंत वॉचमन ओरडत आला. मी वर पोचले तेव्हा ज्वाळा फारशा नव्हत्या, लूव्हरमधून काळाकुट्ट धूर येत होता आणि घशात कोणी ॲसिड ओतल्यासारखं होत होतं. उपमा म्हणून नाही सांगत. पीव्हीसी जळतं तेव्हा हायड्रोजन क्लोराईडचा वायू निघतो, आणि ओल्या घशात त्याचं हायड्रोक्लोरिक ॲसिडच होतं. पाण्याची लाइन जवळ होती, पण पंप अजून जोडलेला नव्हता, म्हणजे नळ उघडला तर फक्त हवा. बादल्यांनी काय होणार? पाव तासात कवच आत बसलं. संध्याकाळी मी आत पाहिलं तर नोझल मेणबत्तीसारखे वितळून लोंबत होते. माणूस कोणी गेला नाही. एका हेल्परच्या फुप्फुसाला त्रास झाला, तो महिनाभर कामावर येऊ शकला नाही. कोणती ठिणगी, केव्हा पडली, ते कोणीच सांगू शकलं नाही. ती फिल्सच्या घडीत जाऊन बसते आणि तुम्ही भाजी-भाकरी खात असताना हळूहळू फुलते.

तुमच्या साहेबांना पटेल असा एक मार्ग आहे. वेल्डिंग वर करूच नका. माप घेऊन स्पूल (पाइपचा तयार तुकडा) खाली जमिनीवर बनवा, दोन्ही टोकांना फ्लँज लावा, वर नेऊन फक्त बोल्ट आवळा. बहुतेक वेळा हे जमतं आणि दोन दिवसही वाचतात. अगदीच जमलं नाही तर फिल्स काढा, ड्रिफ्ट एलिमिनेटर (बाहेर उडणारे तुषार अडवणाऱ्या पट्ट्या) काढा, राहिलेल्या कवचावर फायर ब्लँकेट टाका, दाबाखालचं पाणी असलेला होज हातात घेऊन एक माणूस उभा करा. त्याने नोझल उघडून पाणी येतं का ते आधी बघायचं. वेल्डिंग संपल्यावर त्याने किमान एक तास तिथून हलायचं नाही. जेवायची सुट्टी असली तरी नाही. त्याचा डबा वर पाठवा.

आणि सेफ्टी ऑफिसरांना माझा नमस्कार सांगा.

प्रश्न : ताई, मी मेकॅनिकल इंजिनियर आहे, नोकरीला सात महिने झालेत. बुटीबोरीला आमच्याकडे ३५० टनांचा स्क्रू चिलर आलाय, आर-१३४ए या गॅसवर चालणारा, आत नायट्रोजन भरून पाठवलेला. व्हॅक्यूम झालं की गॅस भरायचा आहे. मिस्त्री खूप अनुभवी आहेत. ते म्हणतात, सिलिंडर उलटा करून थेट लिक्विड सोडू, तासाभरात होईल. चिल्ड वॉटरचे पंप अजून चालू नाहीत, पण ट्यूबमध्ये टेस्टिंगचं पाणी आहे. मला भीती वाटते, पण का वाटते ते नीट सांगता येत नाही.

उत्तर : तुझी भीती अगदी योग्य आहे. ती शब्दांत कशी मांडायची ते सांगते, म्हणजे मिस्त्रींशी बोलताना तुझा आवाज डळमळणार नाही.

आर-१३४ए वातावरणाच्या दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो. शेलमध्ये (ट्यूबभोवतीच्या लोखंडी पिंपात) तू व्हॅक्यूम केलंयस, म्हणजे दाब त्याहूनही कमी. तिथे लिक्विड सोडलंस की ते त्या क्षणी उकळणार आणि उकळायला लागणारी उष्णता ट्यूबमधल्या पाण्यातून ओढून घेणार. पाणी फिरत असेल तर नवी उष्णता येत राहते. ते उभं असेल तर जागच्या जागी गोठतं. बर्फ झाला की पाणी नऊ टक्क्यांच्या आसपास फुगतं. तांब्याची ट्यूब ते सहन करत नाही.

माझ्या उमेदवारीच्या काळात, १९९७ साली, एका दूध प्रकल्पात हेच झालं. तेव्हा आर-२२ होता, तो तर उणे ४० च्या आसपास उकळतो. मी शेलला हात लावून उभी होते. आधी लोखंड नुसतं गार लागलं, मग तळाशी दोन बोटं रुंदीचा पांढरा पट्टा उमटला आणि वर सरकू लागला. आतून सुपारी फोडल्यासारखा आवाज आला. टक्. थोड्या वेळाने पुन्हा टक्. मला वाटलं पत्रा आकसतोय. माझे वस्ताद पलीकडच्या पंपापाशी होते, ते धावत आले आणि त्यांनी व्हॉल्व्ह बंद केला, पण तोवर अकरा ट्यूब गेल्या होत्या. बर्फ वितळला तसं वरच्या टाकीतलं पाणी फुटक्या ट्यूबमधून गॅसच्या बाजूला ओढलं गेलं. दुसऱ्या दिवशी तेलाच्या साइट ग्लासमध्ये पाहिलं तर तेल ताकासारखं पांढरं. मशीन दोन महिने बंद राहिलं.

तर क्रम असा. पाण्याचे दोन्ही पंप आधी चालू करायचे. फ्लो स्विच (पाणी फिरत नसेल तर मशीन चालू न देणारा) खरोखर काम करतो का ते पंप बंद करून बघायचं. अनेक साइटवर तो काम भागवण्यासाठी शॉर्ट केलेला असतो, म्हणून वायर स्वतः तपास. मग सिलिंडर सरळ ठेवून फक्त वाफ सोडायची. आर-१३४ए चा गेज २८ पीएसआय दाखवतो तेव्हा आत शून्य अंश असतात. त्याच्याही वर जायचं. मी ३५ पीएसआय येईपर्यंत थांबते, तिथे साडेचार अंशांच्या आसपास असतं. त्यानंतर लिक्विड. मिस्त्रींचा वेळ वाफेच्या टप्प्यात जातो एवढंच, पुढे त्यांच्या पद्धतीनेच काम होतं. त्यांना तसं सांग. अनुभवी माणसाला 'तुमचं चुकतंय' म्हणण्यापेक्षा 'काका, ३५ दिसले की तुम्हीच सिलिंडर उलटा करा' असं म्हटलेलं लवकर पटतं.

तू विचारलेलं नाहीस, तरी आणखी थोडं सांगते. लीक टेस्टला कोरडा नायट्रोजनच, आणि तोही रेग्युलेटर लावूनच. सिलिंडरमध्ये दीडशे बारच्या आसपास दाब असतो, शेल त्यासाठी बनवलेलं नाही. नायट्रोजन संपला म्हणून वेल्डरचा ऑक्सिजन कोणी ओढत आणला तर त्याच्या आणि मशीनच्या मध्ये उभी राहा. कॉम्प्रेसरचं तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो, ठिणगीचीही गरज लागत नाही. टेस्ट झाल्यावर नायट्रोजन प्लँट रूममध्ये सोडायचा नाही, होज लावून बाहेर न्यायचा. त्याला वास नाही, रंग नाही, गुदमरल्याचंही कळत नाही, माणूस नुसता खाली बसतो. आर-१३४ए हवेपेक्षा जड आहे, तो तळघरात आणि खड्ड्यात साठतो. सेफ्टी व्हॉल्व्हचा पाइप बाहेर मोकळ्या हवेत नेलाय का, तेही बघ.

व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनपर्यंत (हे अगदी कमी दाब मोजायचं एकक) न्यायचं, व्हॉल्व्ह बंद करून पंप वेगळा करायचा आणि मायक्रॉन गेजकडे बघत बसायचं. आकडा थोडा चढून थांबला तर आत ओल आहे. चढतच राहिला तर लीक आहे. हा फरक घाईत कळत नाही, तिथे रात्र काढावी लागते. व्हॅक्यूममध्ये असताना मोटरला मेगर (जास्त व्होल्टेज सोडून इन्सुलेशन तपासणारं यंत्र) लावू देऊ नकोस. कमी दाबाच्या हवेत वीज सहज उडी मारते आणि चांगली वाइंडिंग जळते. इलेक्ट्रिशियनला हे बहुधा कोणी सांगितलेलं नसतं.

तेलाचा हीटर पहिल्या स्टार्टआधी सलग २४ तास चालू हवा. 'सलग' हा शब्द अधोरेखित कर. रात्री चार तास लाइट गेली असेल तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. गार तेलात गॅस मुरलेला असतो, कॉम्प्रेसर सुरू होताच तो फेसासारखा उसळतो आणि बेअरिंगला तेल मिळत नाही.

गॅस भरून झाला की कळव. मी वाट बघते.

प्रश्न : नमस्कार. कोल्हापुरातल्या एका रुग्णालयाच्या देखभाल विभागात मी काम करतो. नव्या इमारतीचा चिलर आणि टॉवर मार्चमध्ये चालवून पाहिले, ट्रायल चांगली झाली. त्यानंतर परवानग्यांसाठी उद्घाटन लांबलं. पाणी टॉवरमध्ये आणि लाइनमध्ये तसंच आहे. आता पुढच्या आठवड्यात सुरू करा असा निरोप आलाय. बेसिनमध्ये हिरवट थर दिसतो. वरून ताजं पाणी सोडून सुरू केलं तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. हे वाचून झाल्यावर पहिलं काम हे करा, की टॉवरच्या पंख्याचा आणि पंपाचा ब्रेकर बंद करून त्याला कुलूप घाला.

१९७६ च्या जुलैमध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात माजी सैनिकांच्या 'अमेरिकन लीजन' या संघटनेचं अधिवेशन भरलं होतं. घरी परतलेली माणसं एकामागून एक न्यूमोनियाने आजारी पडली, तीसेक जण दगावले. कारण कोणाला कळेना. पुढच्या जानेवारीत सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेतले जोसेफ मॅकडेड यांना तो जंतू सापडला आणि त्या संघटनेवरूनच त्याचं नाव लीजनेला पडलं. तो पाण्यातच असतो. २० ते ४५ अंशांचं कोमट पाणी, शेवाळ, गाळ, गंज आणि थांबलेला प्रवाह मिळाला की तो वाढतो. ते पाणी प्यायल्याने सहसा काही होत नाही. त्याचे बारीक तुषार श्वासावाटे फुप्फुसात गेले तर होतं. आणि टॉवरचा पंखा तुषारच उडवतो.

तुमच्या प्रश्नाला त्याहून जवळचं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं आहे. मेलबर्नचं मत्स्यालय जानेवारी २००० मध्ये उघडलं, अगदी नवंकोरं. एप्रिलमध्ये तिथे येऊन गेलेले शंभराहून अधिक लोक लीजनेलाने आजारी पडले, चौघांचा मृत्यू झाला. जंतू तिथल्या कूलिंग टॉवरमध्ये निघाला. इमारत नवी आहे म्हणून पाणी स्वच्छ आहे, असं धरून चालता येत नाही. तुमच्याकडे तर खिडकीपलीकडे साठी ओलांडलेले, दम्याचे, किमो घेणारे रुग्ण असणार आहेत.

आता काम कसं करायचं ते. टॉवर कोरडा करून लगेच प्रेशर जेटने धुवायला घेऊ नका, त्यानेच तुषार उडतात. आधी आहे त्या पाण्यात सोडियम हायपोक्लोराइट घालून, पंखा बंद ठेवून, फक्त पंपाने पाणी फिरवा. फ्री क्लोरीन ५ पीपीएमच्या आसपास राहील असं बघा, दर तासाला मोजा, घसरलं तर पुन्हा घाला, असे पाच-सहा तास. पीएच ८ च्या वर असेल तर क्लोरीनचा जोर फार कमी होतो, तेही मोजा. पाणी कंडेन्सरमधून (चिलरचा उष्णता बाहेर टाकणारा भाग), स्टँडबाय पंपातून आणि बायपास लाइनमधून फिरलं पाहिजे. जो पाइप फिरला नाही तो पुढच्या महिन्यात सगळं पुन्हा नासवेल. मग पाणी काढा, बेसिन हाताने घासा, फिल्स आणि एलिमिनेटर धुवा, ताजं पाणी भरा आणि तीच क्लोरीनची फेरी पुन्हा एकदा. आत उतरणाऱ्याला एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क द्या. रुग्णालयात सगळीकडे मिळणारा तो निळा मास्क इथे पुरत नाही. स्केल काढायचं ॲसिड आणि हायपो एका खोलीत ठेवू नका. दोन्ही सांडून एकत्र झाली तर क्लोरीन वायू निघतो, आणि साफसफाईच्या दिवशी दोन्ही कॅन नेमके शेजारीशेजारी ठेवलेले असतात.

दुसरं म्हणजे, गच्चीवर जा आणि टॉवरच्या तोंडापासून एएचयूच्या (इमारतीत हवा सोडणाऱ्या यंत्राच्या) ताज्या हवेच्या जाळीकडे बघा. वारा त्या दिशेने वाहतो का? तसं असेल तर आर्किटेक्टला बोलवा, लेखी कळवा. हे पेंट लागण्याआधी बदलता येतं, रुग्ण आल्यावर नाही.

उद्घाटन त्यापायी चार दिवस पुढे गेलं तर जाऊ द्या. हे तुम्ही वर सांगायला कचरत असाल तर हा अंक त्यांच्या टेबलावर ठेवा.

प्रश्न : वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या युनिटच्या तळघरात ६ टन वजनाचा चिलर न्यायचा आहे. क्रेनवाला म्हणतो, १४ टनांची हायड्रा आहे, दुपटीहून जास्त ताकद, रॅम्पवरून उचलून आत नेतो. ठीक आहे ना?

उत्तर : १४ टन हा आकडा बूम (क्रेनचा लांब होणारा हात) पूर्ण आत घेतलेला असतानाचा आहे. बूम जितका लांब, तितकी ताकद कमी. क्रेनवाल्याकडे लोड चार्ट मागा आणि तुमच्या अंतराला किती टन लिहिलेत ते त्याच्या शेजारी उभं राहून वाचा. चार्ट नसेल तर ती क्रेन परत पाठवा. आणि वजन लटकवून उतारावर चालवत नेणं तर मुळीच नको. हायड्रा वळताना पुढचा भाग वळतो, भार बाजूला जातो, त्यात उतार आला की ती कलंडते. आउटरिगर (बाजूला टेकणारे आधाराचे पाय) टाकणारी क्रेन आणून रॅम्पच्या तोंडाशी सपाट जागेवर चिलर उतरवा, तिथून रोलरवर, मागे चेन पुलीने धरून, खलाशांकरवी (अवजड सामान हलवणाऱ्या कामगारांकरवी) इंचाइंचाने आत न्या. खलाशी लोकांना हे काम तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं, फक्त त्यांना घाई करू नका.

बेल्टच्या कोनाकडेही लक्ष द्या. दोन बेल्ट जमिनीशी ६० अंशांचा कोन करत असतील तर ६ टनांसाठी प्रत्येकावर साडेतीन टनांच्या आसपास ताण येतो. तेच बेल्ट आखूड पडले आणि कोन ३० अंशांवर आला, की प्रत्येकावर पूर्ण ६ टन. वजन तेच, मशीन तेच. उंची कमी असेल तर स्प्रेडर बीम (बेल्ट एकमेकांपासून दूर धरणारी आडवी तुळई) लावा. आणि बेल्ट लिफ्टिंगच्या कड्यांनाच अडकवायचे; पाइपला, कॉम्प्रेसरला किंवा पॅनेलला नाहीत.

प्रश्न : पुण्यात एप्रिलमध्ये ४० अंशांत टॉवरची टेस्ट पास झाली. सप्टेंबरमध्ये हवा गार असूनही पाणी जास्त गरम येतंय. टॉवर बिघडला का?

उत्तर : बहुधा नाही. टॉवर हवेच्या कोरड्या तापमानावर चालत नाही, वेट बल्बवर (ओलं कापड गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो त्या तापमानावर) चालतो. पुण्याचा एप्रिल तापलेला पण कोरडा, पाणी भराभर उडतं आणि गार होतं. पावसाळ्याच्या दमट हवेत ते उडत नाही. २८ अंशांच्या वेट बल्बला ३२ अंशांचं पाणी मिळेल असा टॉवर घेतला असेल, तर टेस्टच्या कागदावर त्या दिवशीचा वेट बल्ब लिहिलेला असायलाच हवा. तो नसलेला रिपोर्ट मी सही करून घेत नाही. एवढं पाहूनही शंका राहिली तर टॉवरच्या बाजूला नवी भिंत किंवा होर्डिंग उभं राहिलंय का बघा. तोंडातून निघालेली दमट हवा पुन्हा लूव्हरमध्ये शिरत असेल.

प्रश्न : निफाडजवळच्या आमच्या द्राक्ष पॅकहाउसमध्ये नवा चिलर जानेवारीत पहाटे सुरू करताना दोन-चार मिनिटांत ट्रिप होतो. दुपारी व्यवस्थित चालतो.

उत्तर : पहाटे टॉवरचं पाणी फारच गार असतं. कंडेन्सरचा दाब चढत नाही, मग बऱ्याच स्क्रू मशीनमध्ये तेलही पुढे ढकललं जात नाही. टॉवरला बायपास व्हॉल्व्ह आणि पंख्याला थर्मोस्टॅट लावून घ्या. ट्रिप रीसेट करून पुन्हा पुन्हा सुरू करू नका, कॉम्प्रेसर जाईल.

प्रश्न : वाळूजला शेजारी-शेजारी दोन टॉवर आहेत, एक सतत ओव्हरफ्लो होतो आणि दुसऱ्याचं बेसिन रिकामं होऊन पंप हवा ओढतो.

उत्तर : दोन्ही बेसिन जोडणारी इक्वलायझर लाइन आहे का आणि तिचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का, ते आधी बघा. मग दोन्ही बेसिनची पातळी पारदर्शक नळीत पाणी घेऊन ताडून पाहा. एक इंचाचा फरकही पुरतो.

प्रश्न : ताई, माझं पत्र बहुतेक तुमच्या सदरात बसणार नाही. मला यंत्रातलं काही कळत नाही. आम्ही खेडजवळ राहतो. मुलगा आयटीआय झाला आणि लोट्याला एका कंत्राटदाराकडे टॉवर बसवायच्या कामावर हेल्पर म्हणून लागला. परवा म्हणाला, मी टॉवरच्या आत उतरून नोझल साफ करतो, वर मोठा पंखा असतो. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. त्याने काय काळजी घ्यावी, ते मला कळेल असं सांगाल का?

उत्तर : वहिनी, तुमचं पत्र या सदरात सगळ्यात आधी बसतं. शेवटी ठेवलं ते नीट लिहिता यावं म्हणून.

तो ज्या पंख्याखाली काम करतो तो कोणी बटण दाबल्यावरच सुरू होतो असं नाही. बऱ्याच ठिकाणी त्याला तापमानाचा स्विच असतो. पाणी गरम झालं की पंखा आपोआप फिरतो. बंद दिसणारा पंखा बंद केलेला असतोच असं नाही, तो कदाचित नुसता थांबलेला असतो. माझ्या डोळ्यांसमोर एका साइटवर एक पोरगा शिडीवरून बाहेर आला, चप्पल घालायला वाकला आणि मागे पंखा सुरू झाला. तो हसला. मी तिथेच खाली बसले.

म्हणून त्याला हे विचारा. आत उतरताना पंख्याच्या स्विचला कुलूप कोण लावतं? उत्तर 'फोरमन' किंवा 'इलेक्ट्रिशियन' असं आलं तर ते पुरेसं नाही. कुलूप त्याचं स्वतःचं, त्याने स्वतः लावलेलं आणि किल्ली त्याच्या खिशात. चार जण आत जाणार असतील तर चार कुलपं, तशी पट्टी बाजारात मिळते. कुलूप लावल्यावर बटण दाबून पंखा खरंच सुरू होत नाही ना ते बघायचं. वाऱ्यानेही पाती फिरतात, तुमच्याकडे पावसाळ्यात तर हमखास, म्हणून पात दोरीने बांधायचं. बाहेर एक माणूस उभा हवा, जो फक्त त्याच्यावर लक्ष ठेवेल, मोबाइलवर नाही. वर चढताना कंबरेचा पट्टा नव्हे, अंगभर येणारा हार्नेस, आणि त्याचा हुक टॉवरच्या कवचाला नाही, लोखंडी सांगाड्याला. आधी चाललेला टॉवर असेल तर एन-९५ मास्क.

तो म्हणेल, नवा आहे, एवढं मागितलं तर काढून टाकतील. कोकणातून निघालेली पोरं सहसा तोंड उघडत नाहीत, मला माहीत आहे, मी चिपळूणची आहे. सगळं एकदम मागू नकोस म्हणावं. कुलूप मात्र कोणाकडे मागावंच लागत नाही, ते आपलं आपण नेता येतं. खेडच्या बाजारातून मध्यम आकाराचं, दांडा जरा लांब असलेलं एक कुलूप घ्या, लाल रंगाने त्याचं नाव त्यावर लिहा. दुसरी किल्ली घरी ठेवा, त्याच्याबरोबर पाठवू नका.